भीमाशंकरची सहल: देवळाआधी रान

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांऐवजी घरांचे नंबर.)

ए-२०४: दिवाळीनंतर भीमाशंकर ठरतंय, छान. पण सकाळी आठला बस सोडलीत तर पोहोचून खाणंपिणं होईपर्यंत बारा वाजतील. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, भर दुपारी फांदीवर पसरून पडतो. हलत नाही, म्हणून दिसतही नाही. तो चरतो सकाळी दहापर्यंत आणि मग चारनंतर. आदल्या रात्री मुक्काम करा. सोमवार आणि शनिवार-रविवार टाळा, नाहीतर रान राहील बाजूला आणि रांगेतच दिवस जाईल.

सी-१०१: पोरं कर्जतकडून चढू म्हणतायत. खांडसहून दोन वाटा आहेत ना?

बी-५०३: हो ताई. गणेश घाट लांबचा, पाच-सहा तास धरा, पण मळलेली वाट. शिडी घाट जवळचा, मात्र कातळावर लोखंडी शिड्या आणि अरुंद आडव्या वाटा. शेवाळ असलं की बूट धरत नाही. लहान मुलं असतील तर तो नकोच, पावसाळ्यात तर कुणालाच नको. माणशी तीन लिटर पाणी.

ए-२०४: बाकीच्यांनी बसनं वर यावं आणि गुप्त भीमाशंकरची वाट चालावी. ओढ्याच्या कडेनं, दाट सावलीतून, रमतगमत जाऊन-येऊन दोन-अडीच तास. जांभूळ, हिरडा, आंबा, अंजनी. मान वर ठेवा. फांद्यांच्या टोकाला पानाकाटक्यांचा गोळा दिसला की ते शेकरूचं घरटं. बारीक फांदीवर बांधतो, कारण तिथं जड शिकारी पोचत नाही. पण एकटा शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, त्यामुळे बहुतेक रिकामीच. त्यापेक्षा खाली बघा: ताजी कुरतडलेली फळं पडली असतील तिथं पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. (आपल्या ग्रुपला हेच अवघड.)

डी-३०२: शेंगदाणे घेऊ का त्याच्यासाठी?

ए-२०४: नको काकू. तो झाडावरून झाडावर जाणारा प्राणी. खाण्याच्या आशेनं जमिनीवर उतरला की कुत्री धरतात. आणि पिशवी दिसली की माकडं आधी येतील.

डी-३०२: बरं. आणि ती रात्री चमकणारी बुरशी?

बी-५०३: ती पावसाळ्यात, ओल्या कुजक्या लाकडावर. दिवाळीनंतर लाकूड वाळतं. शिवाय अंधार पडल्यावर वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात शिरायचं नाही. सगळं अभयारण्य आहे, १९८५ पासून, सुमारे १३० चौरस किलोमीटर.

सी-१०१: खरी जुनी झाडं देवरायांत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांत. अभयारण्य व्हायच्या कितीतरी आधीपासून गावानं राखलेली. वेळ असेल तर आहुपे गावची देवराई बघा. गावातल्या माणसाला विचारूनच आत जा, चपला कुठं काढायच्या तेही विचारा. पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. ती तिथंच कुजते आणि नव्या रोपांना माती होते, म्हणूनच ते रान टिकलंय.

बी-५०३: बस मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गे न्या. डिझेल मंचरलाच भरायला सांगा. वर मोबाइलला रेंज धड नसते, म्हणून परत निघायची वेळ आणि जागा सकाळीच ठरवून ठेवा.