डोहाळे, तलफ आणि हुक्की

‘डोहाळे, तलफ, हुक्की सगळं एकच, अनावर इच्छा’ असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. शब्दांसोबत येणारी क्रियापदं पाहिली तरी फरक कळतो. तलफ येते आणि भागवावी लागते, तीही चहा-तंबाखूची, म्हणजे सवयीची. हुक्की अचानक येते. रात्री अकराला कपाट आवरायला घ्यायची हुक्की येते, तिला सवयीचा आधार नसतो. डोहाळे मात्र लागतात आणि ते दुसऱ्या कुणीतरी पुरवायचे असतात. हे ‘पुरवणं’ मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात ती इच्छा घरानं मान्य केलेली असते. माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचे डोहाळे लागले होते. भर एप्रिलमध्ये आई रोज संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायची. त्याला तलफ म्हणवत नाही.

आणि हा शब्द फक्त गरोदर बाईपुरता कधीच नव्हता. मूळ संस्कृत ‘दोहद’. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात गर्भिणीला दोन हृदयांची, म्हणून ‘दौहृदिनी’ म्हटलंय. एक हृदय तिचं, एक बाळाचं. पण संस्कृत काव्यात झाडांनाही दोहद असतं. अशोक फुलायला तरुणीच्या पायाचा स्पर्श हवा, हा संकेत तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात कथानकाचाच भाग आहे. मराठीतही ‘भिकेचे डोहाळे’ आहेतच, तिथे गरोदरपणाचा संबंध कुठे येतो?