विषय: पर्स चोरीला गेली, घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या त्यातच होत्या

प्रेषक: स्वाती
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आज इथे ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात आरतीसाठी सगळे पुढे गेलो, तेवढ्यात खुर्चीवरून माझी पर्स गेली. घराची किल्ली, गाडीची किल्ली, ड्रायव्हिंग लायसन्स आणि बँकेचं कार्ड असं सगळं त्यात होतं. फोन हातात होता म्हणून वाचला. कार्ड ॲपवरून लगेच बंद केलं. १०१ ला फोन करून पोलिसांत नोंद केली, क्राइम रेफरन्स नंबर मिळाला.

मी वैशालीच्या गाडीतून घरी आले. माझी गाडी अजून हॉलच्या पार्किंगमध्येच आहे. हे कामासाठी पुण्याला गेलेत. घरी सासूबाई आणि मी, दोघीच. त्या सांगलीहून आल्यात, इथली त्यांना फारशी माहिती नाही. घराची आणि गाडीची दुसरी किल्ली घरात आहे. सोमवारी शोरूममध्ये जाऊन गाडीची नवी किल्ली करून घ्यावी असं मनात आहे. तोवर आणखी काही करायला हवं का? कुणाला माहिती असेल तर कृपया कळवा.

स्वाती

---

प्रेषक: मुकुंद
शनिवार, रात्री १०:०२
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

स्वाती,

सोमवारपर्यंत थांबू नकोस. इथल्या लायसन्सवर घरचा पत्ता छापलेला असतो. ज्याच्या हाती तुझी पर्स लागली आहे, त्याच्याकडे किल्ली आहे आणि ती कुठल्या दाराला लागते हेही त्याला ठाऊक आहे. नवी किल्ली करून घेतलीस तर तुझी सोय होईल, पण त्याच्याकडची किल्ली तशीच चालू राहील. आपल्याला ती निकामी करायची आहे. घराची आज रात्रीच, गाडीची उद्या.

गाडी हॉलवर ठेवायची नाही आणि तुझ्या दारातही आणायची नाही. मी पंधरा मिनिटांत निघतो. वैशाली अजून तिथेच असेल तर तिला सासूबाईंजवळ थांबू दे, तू गाडीची दुसरी किल्ली घेऊन माझ्याबरोबर चल. तुझी गाडी आमच्या ड्राइव्हवर, म्हणजे घरासमोरच्या आमच्या जागेत, आत लावू आणि तिच्यामागे माझी आडवी उभी करू. स्टिअरिंगला लावायचं कुलूप माझ्याकडे आहे. गाडीत गॅरेजचा रिमोट, इन्शुरन्सचे कागद, लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) असं काही असेल तर सगळं काढून घेऊ.

आता दाराचं. मी बरीच वर्षं कौन्सिलच्या घरांच्या देखभालीचं काम केलं, तेव्हा हे नीट वाच. तुमचं पुढचं दार पांढऱ्या यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं आहे, तेव्हा आत यूरो सिलिंडर असणार, म्हणजे कुलपाचा किल्ली जाते तो सुटा निघणारा भाग. अख्खं कुलूप बदलावं लागत नाही, सिलिंडर तेवढा बदलतात आणि दार उघडं असताना ते काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. दाराच्या कडेला, लॅचच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या रेषेत एकच लांब स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली घालून अगदी किंचित फिरवायची म्हणजे मधला दात आत जातो आणि सिलिंडर हातात येतो. नवा बसवताना माप महत्त्वाचं. स्क्रूच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक आणि आतल्या टोकापर्यंत दुसरं, अशी दोन मापं घ्यायची. सिलिंडर बाहेरून दाराच्या पट्टीपुढे तीन मिलीमीटरपेक्षा जास्त आला तर चोराला पकड मिळते आणि तो मधूनच मोडता येतो. इथल्या घरफोड्यांची ही नेहमीची पद्धत आहे. म्हणून घ्यायचाच तर ‘टीएस ००७’ या सुरक्षा मानकाचे तीन तारे असलेला किंवा ‘सोल्ड सिक्युअर डायमंड’ प्रमाणपत्रवाला घ्यायचा. मोडायला गेलं तर त्याचा पुढचा तुकडा तुटतो आणि बाकीचा दारात घट्ट राहतो. माझ्या पेटीत तीन ताऱ्यांचे दोन-तीन मापांचे पडलेले आहेत, गाडी आणली की लगेच पाहू. मागच्या दाराला तीच किल्ली लागते का ते आत्ताच तपासून ठेव. लागत असेल तर दोन्ही बदलायचे.

मी येईपर्यंत दाराचं हँडल वर उचलून किल्ली पूर्ण फिरव आणि ती आतून तशीच अर्धी वळवून ठेव. साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली असली की बाहेरून दुसरी पुरती आत जात नाही. हे फक्त आजच्या रात्रीपुरतं. एरवी किल्ली दाराला ठेवायची नाही, दारातल्या पत्रपेटीच्या फटीतून आकडा घालून ती ओढून काढतात.

माझा सिलिंडर बसला नाही तर लॉकस्मिथ (कुलूप-किल्लीवाला) बोलवू, पण इंटरनेटवर पहिला दिसला त्याला फोन करू नकोस. या देशात लॉकस्मिथला परवाना लागत नाही, कुणीही स्वतःला लॉकस्मिथ म्हणवू शकतो. ‘४९ पौंडांपासून’ अशी जाहिरात करायची आणि दारात आल्यावर ड्रिल काढून कित्येक पटींनी बिल करायचं, असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशनच्या यादीतला माणूस घ्यायचा आणि जागेवर येण्याआधी सगळं मिळून किती होणार ते विचारायचं. दार उघडतंय, किल्ली आहे, तर ड्रिलचं कामच नाही. कुणी ड्रिल काढलं तर त्याला सरळ परत पाठव.

निघालो.

मुकुंद

---

प्रेषक: रेणुका
शनिवार, रात्री ११:१५
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

स्वाती,

मी मोटर इन्शुरन्सच्या क्लेम विभागात काम करते, म्हणून एवढंच सांगते. घराची आणि गाडीची, दोन्ही इन्शुरन्स कंपन्यांना आज रात्रीच कळव. बहुतेकांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. ‘की कव्हर’ नावाचा भाग पॉलिसीत आहे का ते विचार. काहींच्यात तो मुळातच असतो, काहींनी वेगळा घेतलेला असतो. असेल तर सिलिंडर, लॉकस्मिथ, गाडीची किल्ली यांचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळतो. पैसे खर्च करण्याआधी फोन कर, कारण काही कंपन्या आपलाच माणूस पाठवतात. मात्र त्यांचा माणूस सोमवारी येणार असेल तर थांबू नकोस. ‘आज रात्री घर सुरक्षित करणं गरजेचं होतं’ असं त्यांना स्पष्ट सांग आणि पावती जपून ठेव.

दुसरं, हे फार लोकांना माहीत नसतं. किल्ली चोरीला गेल्याचं ठाऊक असताना काहीच केलं नाही आणि नंतर गाडी गेली, तर ‘वाजवी काळजी घेतली नाही’ म्हणून क्लेम अडू शकतो. गाडी चोरीच्या क्लेममध्ये आम्ही सगळ्या किल्ल्या मागतो. एक कमी असली की पहिला प्रश्न तोच. म्हणून कधी कळवलं, गाडी कुठे हलवली, काय बदललं हे सगळं मेलवर लेखी राहू दे.

रेणुका

---

प्रेषक: स्वाती
रविवार, संध्याकाळी ५:३०
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

सगळ्यांचे मनापासून आभार.

काल रात्रीच मुकुंदकाकांनी पुढच्या दाराचा सिलिंडर बदलला. मागच्या दाराला तीच किल्ली लागत होती, तोही आज सकाळी बदलला. सासूबाई उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांचं म्हणणं, सांगलीच्या घराला आतून कडी-कोयंडा आहे, रात्री तो लावला की बाहेरच्या किल्लीला कोण विचारतं! काकांनी त्यांना दोन्ही दारांना आतून बोल्ट बसवून देतो म्हटलंय, तेव्हा कुठे त्या झोपायला गेल्या.

आज सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘तुमची पर्स सापडली आहे, पोलिस स्टेशनवर येऊन घेऊन जा, घरचे सगळे या म्हणजे ओळख पटेल.’ घरचे सगळे कशाला, असं वाटून मी फोन ठेवला आणि स्वतः १०१ ला लावला. नोंदीत पर्स सापडल्याचं काहीच नव्हतं. त्यांनी तो नंबर लिहून घेतला आणि घर सोडून जाऊ नका म्हणाले. हा फोन आला त्याआधी दाराचं काम झालेलं होतं म्हणून निभावलं.

गाडीचं काय करायचं ते काका सांगतीलच. माझा आणखी एक प्रश्न आहे. गौरीसाठी बँकेच्या लॉकरमधून दागिने घरी आणले होते. त्यांचं काय करू?

स्वाती

---

प्रेषक: मुकुंद
रविवार, रात्री ८:२०
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

स्वाती, त्या फोनला तू बळी पडली नाहीस हे फार बरं झालं. घर रिकामं करवून घ्यायची ती युक्ती आहे. मंडळातल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवा: सामान सापडल्याचा फोन आला तर आपण स्वतः १०१ ला लावून खात्री करायची. बँकेच्या नावाने आला तर फोन ठेवून १५९ लावायचा, बऱ्याचशा बँकांना तिथून जोडून देतात.

आता गाडी. ऑक्टोबर १९९८ पासून इथे नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीच्या मुठीत एक छोटी चिप असते आणि गाडीचा संगणक ती ओळखतो, तेव्हाच इंजिन सुरू होतं. तो संगणक चोरीला गेलेली किल्ली विसरेल असं करून घ्यायचं. शोरूममध्ये करतात, पण घरी येऊन काम करणारा ऑटो लॉकस्मिथ अनेकदा स्वस्तात आणि लवकर करतो. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडतो, सगळ्या किल्ल्या पुसतो आणि समोर असतील त्या परत नोंदवतो. म्हणून घरातली किल्ली त्याच्यासमोर हवीच, नाहीतर तीही पुसली जाईल. नवी एकच मागू नकोस, ‘जुनी पुसा’ हे शब्द आवर्जून बोल आणि शेवटी किती किल्ल्या नोंदल्यात ते त्याच्या पडद्यावर पाहून घे.

एक उरतंच. चिप पुसली तरी किल्लीचं पातं गाडीचं दार उघडू शकतं. गाडी पळवता येणार नाही, पण डिक्कीतलं सामान जाऊ शकतं. दाराचं कुलूप बदलायचं की नाही ते इन्शुरन्स काय म्हणतं त्यावर ठरव. तोवर गाडीत काहीही ठेवू नकोस.

दागिन्यांचं रेणुकाने सांगावं.

मुकुंद

---

प्रेषक: रेणुका
रविवार, रात्री ९:०५
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

स्वाती, उद्या बँक उघडली की पहिल्यांदा दागिने लॉकरमध्ये ठेवून ये. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं माहीत आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर पोलिस दरवर्षी भारतीय कुटुंबांना मुद्दाम सावध करतात. घराच्या इन्शुरन्समध्ये एकेका वस्तूला कमाल मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसींत पंधराशे ते दोन हजार पौंड. मंगळसूत्र किंवा पाटल्या त्याहून महाग असतील आणि नावानिशी नोंदवल्या नसतील, तर पूर्ण किंमत मिळत नाही. प्रत्येक दागिन्याचा साधा फोटो, वजन आणि सोनाराची किंमतपावती करून ठेव. आजीच्या बांगड्यांची पावती कुणाकडेच नसते, म्हणून फोटो आणि मूल्यांकन आत्ताच करायचं.

रेणुका

---

प्रेषक: ओंकार
सोमवार, सकाळी ८:१०
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. खालच्या मुख्य दाराला फॉब (दार उघडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बिल्ला) आणि वर आमच्या दाराला साधी किल्ली. असं झालं तर सिलिंडर आम्हीच बदलायचा का? घरमालक परदेशात आहे.

ओंकार

---

प्रेषक: मुकुंद
सोमवार, सकाळी ८:४५
विषय: उत्तर: पर्स चोरीला गेली

ओंकार,

परवानगीशिवाय बदलू नकोस. भाडेकराराचा भंग होऊ शकतो, आणि फ्लॅटचं दार आगीला थोपवणारं असेल तर चुकीचं कुलूप बसवणं धोक्याचं आहे. लेटिंग एजंटला (घर भाड्याने देण्याचं काम बघणाऱ्याला) फोन कर आणि लगोलग तेच मेलवर लिही, म्हणजे तू कधी कळवलंस याचा पुरावा राहील. एजंटचा रात्रीचा आपत्कालीन नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेव. खालचा फॉब इमारतीचं व्यवस्थापन बघणारे लोक जागेवर बसून बंद करू शकतात. प्रत्येक फॉबचा नंबर वेगळा असतो, आणि तुझ्याकडच्या फॉबवर तो कोरलेला असेल तर आत्ताच त्याचा फोटो काढून ठेव. चोरी झाल्यावर तो नंबर कुठून आणणार?

तीन ताऱ्यांचे सिलिंडर मी या आठवड्यात मागवणार आहे. स्वतःचं घर असलेल्या ज्यांना हवे असतील त्यांनी दोन्ही दारांची आतली आणि बाहेरची मापं मिलीमीटरमध्ये गुरुवारपर्यंत मला थेट पाठवा, लिस्टवर नको.

मुकुंद