सिझरनंतर पहिल्या तासात बाळ छातीवर मिळावं म्हणून काय करता येईल? मदत हवी आहे

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नववा महिना लागलाय. दुसरं बाळंतपण, पहिलं सिझर होतं आणि हे बाळ पायाळू आहे, त्यामुळे यावेळीही सिझरच ठरलंय. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पुढचा आहे.

लेकीच्या वेळी पडद्यावरून एकदा तोंड दाखवलं, "मुलगी आहे हो" म्हणाले आणि नेली. मी रिकव्हरीत, ती नर्सरीत. दोघींची तब्येत ठणठणीत, तरी हातात यायला संध्याकाळ झाली. तोवर दोन्ही आज्या, आत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा, सगळ्यांनी तिला पाहून घेतलं होतं. पावडरचं दूध वाटी-चमच्याने पाजून झालं होतं, म्हणून ती गाढ झोपलेली. पुढे अंगावर प्यायला लागेपर्यंत दोघींनी भरपूर रडून घेतलं. आणि ती 'माझी' वाटायला मला बरेच आठवडे लागले. हे घरात कुणाला बोलले नाही, इथे लिहितेय कारण इथे मला कुणी ओळखत नाही.

यावेळी दवाखाना वेगळा आहे. सिझरमध्ये बाळ आईच्या छातीवर ठेवतात का? कुणाला विचारायचं, कधी विचारायचं? आणि नाहीच जमलं तर पुन्हा तसंच होईल का? शिवाय आई आणि सासूबाई, दोघींनी मधाची बाटली आणून ठेवली आहे. या एका विषयावर त्यांचं एकमत आहे.

उंडगा
इतका विचार कशाला करता? आम्ही सगळे नर्सरीतून कापडात गुंडाळून आलेलोच आहोत. काही बिघडलं नाही.

गोदाकाठ
बिघडलं नाही हे मान्य. पण मागून मिळत असेल तर मागू नये असं कुठे आहे?

वॉर्डसिस्टर
गोदाकाठ ताई, मी सरकारी रुग्णालयात लेबर रूमला आहे, ओटीलाही (ऑपरेशन थिएटर) ड्यूटी लागते. सविस्तर लिहिते.

नॉर्मल डिलिव्हरीत बाळ रडलं की थेट आईच्या पोटावर घ्यायचं, कोरडं पुसायचं, टोपी घालायची, वरून दोघांना मिळून पांघरूण. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापायची. मग बाळाला त्याचं त्याचं करू द्यायचं. आधी ते शांत पडून राहतं, मग डोळे उघडतं, हात तोंडात घालतं, पायांनी रेटा देत वर सरकतं आणि बहुतेक वेळा तासाभरात स्वतःच स्तनाला लागतं. याला ब्रेस्ट क्रॉल म्हणतात. स्वीडनमधल्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुसताना बाळाचे हात मात्र पुसू नयेत, गर्भजलाचा वास त्याला वाट दाखवतो. वजन, मोजमाप, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, हे सगळं पहिलं दूध पिऊन झाल्यावर केलं तरी चालतं. ही घाई बाळासाठी नसते, रजिस्टरसाठी असते. (हे वाचून आमच्या इन्चार्ज मला ओळखतील, ओळखू देत.)

आता सिझर. पाठीत इंजेक्शन देऊन भूल असेल तर तुम्ही जाग्या असता, तेव्हा जमतं. पोटावर टाके चालू असतात म्हणून बाळ छातीवर आडवं ठेवतात, पडद्याच्या तुमच्या बाजूला. त्यासाठी ईसीजीचे स्टिकर खांद्याकडे लावायचे, एक हात मोकळा ठेवायचा. ओटीत एसी असतो, म्हणून बाळ पूर्ण कोरडं, डोक्यावर टोपी, वर गरम दुपटं. आणि एक माणूस फक्त बाळावर लक्ष ठेवायला हवा. मान सरळ, तोंड एका बाजूला, नाक मोकळं दिसतंय, रंग गुलाबी आहे, एवढं सतत बघायचं. तुम्ही औषधांनी पेंगुळलेल्या असाल, तुमच्यावर ती जबाबदारी टाकता येत नाही. जिथे 'नाही' म्हणतात तिथे अनेकदा खरं कारण हेच असतं, की तेवढा माणूस नसतो. ते समजून घ्या, आणि मग "ओटीत नाही तर रिकव्हरीत आल्याआल्या द्याल का?" असं विचारा. त्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

कुणाला विचारायचं? बाळंतपण करणाऱ्या मॅडमना तर विचाराच, पण भूलतज्ज्ञांना विसरू नका. ऑपरेशनभर तुमच्या उशाशी तेच असतात, त्यांची हरकत असेल तर कुणाचंच चालत नाही. टेबलावर झोपल्यावर विषय काढू नका. आधीच्या तपासणीत काढा आणि फाइलवर लिहून घ्या. शिफ्ट बदलते, फाइल बदलत नाही.

बालरोगवाला
सिस्टरांनी छान लिहिलंय. मी 'नाहीच जमलं तर' या प्रश्नावर लिहितो, कारण धाग्याचं खरं दुखणं तिथे आहे.

१९७२ साली क्लाउस आणि केनेल या अमेरिकन डॉक्टरांनी २८ आयांचा अभ्यास छापला. ज्यांना सुरुवातीला बाळासोबत जास्त वेळ मिळाला त्या महिन्याभरानंतरही बाळाशी जास्त जवळिकीने वागत होत्या, असं त्यात दिसलं. त्या काळी बाळाला नर्सरीत काचेपलीकडे ठेवायची पद्धत होती. ती मोडायला या कामाचा मोठा हातभार लागला. पण त्यातून एक भलतीच समजूतही पसरली, की पहिले काही तास हुकले तर नातं कायमचं कच्चं राहतं. पुढच्या अभ्यासांत हे टिकलं नाही. माणसाच्या आईचं बाळाशी जुळणं महिनोन्‌महिने चालतं. तसं नसतं तर दत्तक घेतलेल्या आयांचं काय झालं असतं?

मग पहिल्या तासाचा आग्रह कशासाठी? ऊब, श्वास आणि ठोके लवकर स्थिरावणं, रक्तातली साखर टिकणं आणि दूध नीट सुरू होणं, यासाठी. जन्मानंतर साधारण पहिला तास-दीड तास बाळ टक्क जागं असतं, मग बराच वेळ झोपतं. तुमची लेक त्या जागेपणात वरचं दूध पिऊन झोपली, म्हणून पुढचं अवघड गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात तासाभरात स्तनपान सुरू झालेली बाळं होती फक्त ४१.८ टक्के. म्हणजे तुमच्यासारख्या बायकाच जास्त आहेत.

बाळ रडलंच नाही, श्वासाला त्रास असला, तर आम्ही त्याला वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या टेबलावर) घेणारच. तेव्हा कृपया वाद घालू नका.

'माझी' वाटायला वेळ लागला, यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळ जणींना लागतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं हेही नेहमीचं, आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. दोन आठवड्यांपुढे उदासी राहिली, बाळ नकोसं वाटलं, झोप मिळूनही झोपता आलं नाही, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर वाट न पाहता लगेच घरच्यांना सांगून रुग्णालय गाठायचं.

दोनजुळी
माझी जुळी साडेसातव्या महिन्यातच जन्मली. पहिला तास सोडाच, पहिला आठवडा मी त्यांना नळ्यांसकट लांबूनच पाहिलं. नंतर कांगारू केअर सुरू केली, एकेकाला उघड्या अंगाने छातीवर बांधून बसायचं. ही पद्धत १९७८ च्या सुमारास बोगोटामध्ये सुरू झाली, तिथे बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आता तर कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला किमान ८ तास करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्यांदा छातीवर घेतलं तेव्हा मला प्रेमबिम काही वाटलं नाही, भीतीच वाटली. प्रेम नंतर आलं, नेमकं कधी ते सांगता येणार नाही. आज दोघं एकमेकांचे केस ओढतात आणि निवाड्याला माझ्याकडे येतात.

उंडगा
बरं, मी मघाशी जरा आगाऊपणाने लिहिलं. एक कामाचं सांगतो. आमच्या धाकट्याच्या वेळी बायकोला पूर्ण भूल द्यावी लागली. सिस्टर मला म्हणाल्या, शर्ट काढा. मी म्हटलं, तपासणी माझी आहे का? तर बाळ माझ्या छातीवर दिलं. बायको शुद्धीवर येईपर्यंत ते तिथेच होतं. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, पुढून बटणं असलेला शर्ट घालून या म्हणावं. मी टी-शर्टमध्ये होतो.

माईआजी
अगं गोदाकाठ, मधाचं मी सांगते, कारण मीही आजीच आहे. आमच्यात सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत. सून म्हणाली नको, मला राग आला. मग डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. सुनेचं ऐकलं नसतं, डॉक्टरांचं ऐकलं. तू स्वतः भांडू नकोस, दोघींना पुढच्या तपासणीला घेऊन जा. आंघोळीचंही तिथेच विचार, पहिले २४ तास घालत नाहीत आता. आणि आज्यांना काहीतरी काम दे. थोरलीला सांभाळणं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दारातच चहा देऊन थोपवणं. रिकाम्या हातांना बाळ घ्यावंसं वाटतंच.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भूलतज्ज्ञांना भेटले. बाळ नीट रडलं तर ओटीतच छातीवर देऊ म्हणाले, नाहीतर रिकव्हरीत लगेच. मॅडमनी फाइलवर लिहिलं, 'वरचं दूध विचारल्याशिवाय नको' हेही. दोन्ही आज्या सोबत होत्या. मधाची बाटली आता लाडवाच्या डब्याशेजारी गेली आहे, माझ्यासाठी म्हणे.

वॉर्डसिस्टर, एकच राहिलं. तिथला गाऊन मागून बांधायचा असतो, मग बाळ ठेवणार कसं?

वॉर्डसिस्टर
उलटा घाला, नाड्या पुढे. आत घेणाऱ्या सिस्टरना कारण सांगा, म्हणजे त्या सरळ करायला लावणार नाहीत. मंगळसूत्र, साखळी घरीच ठेवून या. छातीला त्या दिवशी पावडर, बाम, अत्तर काही लावू नका. आणि टोप्या दोन न्या, पहिली लगेच ओली होते.