मदत हवी आहे: गावातील ओढ्याची रुंदी ठरवताना भविष्यातील पाऊस कसा धरावा?

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. त्यांपैकी पश्चिमेकडील एका गावात मी राहतो. टेकडीवरून उतरणाऱ्या आमच्या ओढ्याविषयी काठावरील सोसायट्या महापालिकेला लेखी निवेदन देणार आहेत. त्यातील प्रत्येक मागणीला तांत्रिक आधार असावा, म्हणून येथील अभियंते व नगररचनाकार यांच्याकडे मार्गदर्शन मागत आहे.

ओढ्यावरील मोरीचा (रस्त्याखालून पाणी जाऊ देणाऱ्या वाटेचा) आकार पाणलोटाचे (ज्या भागातील पाऊस ओढ्यात वाहून येतो त्याचे) क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पाण्यापैकी वाहून येणारा वाटा यांवरून ठरतो, हे मी समजून घेतले आहे. शेते आणि माळरान जाऊन तेथे इमारती व काँक्रीटचे रस्ते आल्यामुळे पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी आता थेट ओढ्यात येते. तीव्रता मात्र जुन्या नोंदींवरून धरली, तर काय होते हे मुंबईने अनुभवले आहे: तेथील जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यातही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पाणलोटात काही तास कोसळलेल्या पावसाने अनेकांचे प्राण घेतले.

माझी पहिली अडचण नोंदींची आहे. सह्याद्रीकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने वाढतो. मग शिवाजीनगर वेधशाळेचे आकडे आमच्या उतारांना लावणे योग्य ठरेल का, आणि पंधरा मिनिटांच्या किंवा तासाच्या नोंदी कोठून मिळवाव्यात? दुसरे म्हणजे, हवेचे तापमान एक अंशाने वाढल्यास ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. संकल्पचित्र करताना तीव्रतेत तेवढीच वाढ धरणे पुरेसे आहे का? वाहून येणारा वाटा आजच्या बांधकामावरून न धरता गाव पूर्ण बांधले गेल्यानंतरचा धरावा, असे माझे ठाम मत आहे, परंतु त्याला आधार देणारा नियम मला हवा आहे.

नद्यांसाठी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल पूररेषा आखली जाते. तशी आखणी एखाद्या ओढ्यासाठी कोणी करवून घेतली आहे का? ओढा अरुंद करणाऱ्या सीमाभिंतींमुळे पुराचे संकट खालच्या वस्तीवर ढकलले जाते. त्यामुळे केवळ भिंत मागण्याचा पर्याय आम्हाला मान्य नाही. ज्यांनी असे निवेदन केले असेल, त्यांनी सोबत कोणते नकाशे व कोणती मोजमापे जोडली होती, हे कृपया कळवावे.