खाण्यावरच्या झाइनमध्ये पाककृती मोजून द्यावी का?

सुईदोरा (पंचवटी)
खाणं, स्थलांतर आणि प्रतिकार यांवर झाइन, म्हणजे घरीच छापून शिवलेलं छोटं अनियतकालिक, काढायचं तर पाककृती मोजमापासकट, ती कुठे बिघडते तेही सांगून छापावी, असं माझं ठाम मत आहे. घर मागे सुटलेल्या माणसाला 'अंदाजाने घ्या' काही कामाचं नाही.

बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, चिकाचा हलवा घ्या. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून 'शनिवार तेली' म्हटली गेलेली ही मराठी माणसं 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा 1964 साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. आता पातेल्यात बघा. हलव्यात नारळाचं दूध असतं, कारण ज्यू आहारनियमांत मांसाच्या जेवणासोबत दुधाचा पदार्थ चालत नाही. ज्यांच्या धर्माची खात्री मागितली गेली, ते हा नियम कोकणात पिढ्यानपिढ्या पाळत होते. एवढं सांगायला पानभर घोषणा लागत नाहीत, कृती लागते.

गहू 3 दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून गाळायचे. चीक रात्रभर तळाशी बसला की वरचं पाणी ओतून टाकायचं. दाट चीक 1 वाटी, नारळाचं दूध 3 वाट्या, साखर दीड वाटी. चीक गार दुधात आधी कालवला नाही तर गुठळ्या होतात. कडेने सुटेपर्यंत घोटला नाही तर कच्चट लागतो, वड्याही पडत नाहीत.

रानवाट
हलव्यापुरतं ठीक. पण तोच नियम सगळ्यांना लावू नका. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्यातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरणाऱ्यांचं खाणं वाटीने ठरत नाही, त्या दिवशी हाताशी काय आहे त्यावर ठरतं. तिथे माप घालणं म्हणजे आपल्या ओट्याची शिस्त दुसऱ्याच्या चुलीवर लादणं.

दुसरं जास्त गंभीर आहे. 6 मार्च 2018 ला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च 12 तारखेला मुंबईत पोचला, त्यात 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे, कसत असलेल्या वनजमिनीचे दावे मंजूर करा ही मोठी मागणी होती. त्याच माणसांची रानभाजी शहरी वाचकाला चवदार करून दिली, की पहिल्या पावसाला लोक पिशव्या घेऊन रानात हजर. भाजीचं कौतुक होतं आणि दावा मागे पडतो. दाव्याला कोणते पुरावे लागतात, ग्रामसभेचा ठराव का लागतो, हे छापा. भाजीचं नाव पुरे.

सुईदोरा
नाव पुरे नाही. शेवळं या पावसाळी रानभाजीचं नुसतं नाव छापलं तर वाचकाचा घसा खाजेल. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडांच्या (आंबट रानफळांच्या) रसात नाहीतर चिंचेच्या कोळात शिजवायचं. आंबट कमी पडलं की खाज राहते. हे ज्ञान ज्यांचं आहे त्यांच्या नावावर नीट नोंदलं गेलं, तर ते दाव्याच्या विरोधात कसं जातं? भाजी कुठल्या रानात मिळते ते मात्र छापू नये, हे तुमचं मान्य.

टोचा
वाद चालू द्या, पण जागा मोजा. एफोरचे 4 कागद मधोमध दुमडले की एफाइव्हची 16 पानं होतात. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, श्रेयपान वजा जाता 13. हलवा त्यातली 2 खाणार, वनहक्काला किमान 4 द्या.

पानं लावताना कागदाच्या एका बाजूवर शेजारी येणाऱ्या पानांच्या आकड्यांची बेरीज 17 यायला हवी: बाहेरच्या कागदावर 16 आणि 1, त्याच्या मागे 2 आणि 15. आडव्या कागदाची दुहेरी छपाई आखूड बाजूवर उलटणारी निवडा, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. मजकूर 12 पॉइंटच्या खाली नेऊ नका. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये शाई भरून 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात, आणि मापाच्या ओळीतला चुकलेला आकडा कोणी दुरुस्त करत नाही. घडीवर गडद काळा ठसा आला तर टोनर तिथेच फुटून सुटतो. 70 जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) कागदाला मागचं अक्षर दिसतं, म्हणून 80 घ्या. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. दाभणाने 3 भोकं पाडून दोऱ्याने शिवा, गाठ आतून.

माझं मत? माप हवं. अनियतकालिकाची प्रत हातोहात फिरते, ती पुढे कोणाकडे जाईल ते माहीत नसतं, आणि विचारायला जवळ कोणी नसतं.

रानवाट
पिवळ्या भागाचं मी मान्य करतो, ती सूचना ठळक छापा. पण शेवळं बाजारात जुडीने येतात, काकडं वाट्याने. मग कृतीतही जुडी आणि वाटाच ठेवा, ग्रॅम कशाला? एका जुडीला किती काकडं, हे टोपली घेऊन बसणाऱ्या बाईंना विचारून लिहा, आणि श्रेयपानावर त्यांचं नाव घालायचं का, तेही त्यांनाच विचारा. वनहक्काला 4 पानं कमीच आहेत. मी 6 मागतो.