सल्ला हवा: पोलोचे कस्टम अलॉय चुकीच्या मापाचे आले, बनवणारा परत घेत नाही

पोलो_कोथरूड
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पोलो, कंपनीचे १५ इंची अलॉय, टायर १८५/६० आर १५. बरेच दिवस डोक्यात होतं की १६ इंची फोर्ज्ड करून घ्यायचे, डिझाइन आपल्या पसंतीचं. इकडच्याच एका बनवणाऱ्याकडे ऑर्डर दिली. नाव लिहीत नाही, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पण विचारू नका. चार रिमचे १ लाख २८ हजार, निम्मे आगाऊ, निम्मे माल उचलताना. सगळे देऊन झालेत. बिल पक्कं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग आलं होतं, त्यात स्पष्ट आहे: १६×७ (व्यास आणि रुंदी, इंचात), पीसीडी (बोल्टच्या भोकांचं वर्तुळ) ५×१००, ईटी (रिमच्या मध्यापासून हबला टेकायच्या जागेचं अंतर, कमी झालं की चाक बाहेर येतं) ४०, मधलं भोक ५७.१. मी ओके दिलं. आलेल्या रिमवर आतून पंच आहे ईटी ३५, आणि भोक व्हर्नियरने ६६.६ भरतं. १९५/५० आर १६ टायर चढवले. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मागे दोघं बसले की खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. बॅलन्सिंग पुन्हा केलं, फरक नाही.

बनवणारा म्हणतो, "हब रिंग (चाक बसतं तो हब आणि रिमचं भोक यातली फट भरणारं कडं) टाका, सगळे टाकतात. ईटीचं म्हणाल तर मागून ५ एमएम फेसिंग मारून, म्हणजे लेथवर तासून देतो. कस्टम माल परत होत नाही, बिलावर छापलंय." रिंग टाकून चालवू, फेसिंग मारून घेऊ, की पैसे मागू? आणि आधीच सांगतो, यावर आता दहा हजारांच्या वर एक रुपया घालायची तयारी नाही.

घाटमास्तर
म्हणून मी लोकल कस्टमच्या वाटेला जात नाही. जपानी फोर्ज्ड घेतले, सेट तीन लाखांच्या वर गेला, पण ताम्हिणीत गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. थोडे पैसे अजून घाल आणि एकदाच चांगलं घे.

पोलो_कोथरूड
दहा हजार म्हणालो हो, तीन लाख नाही.

नाना_सदाशिव
मुळात कंपनीने दिलेलं काढायचं कशाला? माझी एस्टीम अजून स्टीलच्या रिमवर आहे. खड्ड्यात रिम वाकली तर टायरवाला ठोकून सरळ करून देतो, दोनशे रुपयांत काम होतं. तुमचे ते मॅगव्हील एकदा तडकले की भंगारात. वर पैसे देऊन मनस्ताप विकत घ्यायचा आणि मग इथे येऊन सल्ला विचारायचा.

सिंहगडरोडकर
नाना, स्टील वाकते तीच तर अडचण. वाकलेल्या रिमवर ट्यूबलेस हवा धरत नाही. आमच्याकडे उड्डाणपुलाखालून रोज जाऊन बघा म्हणजे कळेल.

नाना_सदाशिव
मी ट्यूब वापरतो.

मृण्मयी_बाणेर
बोल्ट कोणते लावलेत? कंपनीचेच की रिमबरोबर नवीन आले?

चिंचवडचा_राजा
सोप्पं आहे भावा. हब रिंग घाल, ६६.६ ते ५७.१ हे माप तयार मिळतं. नाना पेठेत फिर, हजार-दीड हजारात चार मिळतील. माझ्या व्हेंटोला तेच केलंय, १४० ला पण हात सोडून चालते.

घाटमास्तर
प्लॅस्टिकच्या रिंग घेऊ नकोस. घाट उतरताना ब्रेक तापले की वितळून हबला चिकटतात.

चिंचवडचा_राजा
माझ्या प्लॅस्टिकच्याच आहेत, काही वितळलं नाही. उलट अ‍ॅल्युमिनियमच्या पावसाळ्यात गंजून हबला अशा धरतात की हातोडा लागतो.

घाटमास्तर
ग्रीस लावायचं असतं राजे.

सिंहगडरोडकर
वजन केलंत का रिमचं? फोर्ज्ड (दाबून घडवलेली) म्हणून कास्ट (ओतीव) गळ्यात मारायची पद्धत जुनी आहे. १६×७ ची फोर्ज्ड ७ किलोच्या आसपास भरायला हवी, साधी कास्ट ९ च्या पुढे जाते. भोक ६६.६ म्हणजे मला वाटतं त्याच्याकडे ऑडीच्या मापाचा तयार माल पडला होता, त्यात तुमची भोकं पाडली.

आपला_ग्राहक
"कस्टम माल परत नाही" असं बिलावर छापून कोणी सुटत नाही. आपल्या सांगण्यावरून बनवला तरी तो ड्रॉइंगप्रमाणे असायला हवा, नसेल तर सदोष. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे न देणं, हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. म्हणून पहिली गोष्ट, आज लेखी कळवा. फोनवरचं भांडण पुराव्याला येत नाही. ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात ड्रॉइंगमधलं माप, प्रत्यक्ष माप आणि तुम्हाला काय हवंय ते तीन वाक्यांत. भावना नकोत.

व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट नकोत. पुढे लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका.

नाना_सदाशिव
ग्राहक न्यायालयात गेलात तर नातवाच्या गाडीला रिम मिळतील.

आपला_ग्राहक
वेळ लागतो, खोटं कशाला बोलू. पण ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ हेल्पलाइनवर नोंदवा, बरेच जण तिथूनच फोन गेला की नरम येतात. आणि नाना, बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत याच पुण्यात उभी केली. पेठेतल्या माणसाने तरी असं बोलू नये.

नाना_सदाशिव
पंचायतीचं काम मी जवळून पाहिलंय. तेव्हा लोक गाडीचे चाक नाही, गोडेतेलाचं माप भांडून घेत.

मृण्मयी_बाणेर
कोणी उत्तर देणार आहे का? परत विचारते. बोल्ट कंपनीचे आहेत का? फोक्सवॅगनचा बोल्ट खालून गोल असतो, चेंडूसारखा. बाहेरच्या बहुतेक रिमची सीट, म्हणजे बोल्ट टेकतो ती जागा, ६० अंशांची तिरकी असते. गोल बोल्ट तिरक्या सीटमध्ये बसला की नीट टेकत नाही, बारीक कड्यावर धरतो. टॉर्क (ठरलेला आवळण्याचा जोर) दिला की घट्ट वाटतो, नंतर ढिला होतो. थरथर त्यानेही येते. एक बोल्ट काढून बघा, सीटवर पूर्ण पट्टा घासलेला दिसतोय की नुसती रेघ. रेघ असेल तर ती गाडी चालवू नका. कायदा, रिंग सगळं नंतर.

पोलो_कोथरूड
मृण्मयीताई, आत्ता खाली जाऊन बघून आलो. बोल्ट जुनेच, कंपनीचे. बनवणारा म्हणाला होता तेच चालतील. सीटवर बारीक रेघ आहे, आणि मागच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट पान्याने सहज पाव फेरा फिरला.

मृण्मयी_बाणेर
गाडी उभी करा. जुने १५ इंची आणि जुने बोल्ट आजच परत लावा, १२० न्यूटन-मीटर, शंभर किलोमीटरच्या आत परत तपासा. टॉर्क पान्यानेच, टायरवाल्याच्या एअर गनने नाही. नवीन रिमना १४×१.५ चे तिरक्या सीटचे बोल्ट लागतील. लांबी रिमच्या जाडीप्रमाणे, हबमध्ये निदान सात-आठ फेरे गेले पाहिजेत. लेखी तक्रारीत हेही घाला की बोल्टबद्दल त्याने काय सांगितलं. माझ्या मते तुमच्या भांडणातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पाच एमएम ईटीवर तो वाद घालेल, यावर घालू शकणार नाही.

चिंचवडचा_राजा
हब रिंग टाकली की चाक सेंटरला येतं, बोल्टचं एवढं काही नसतं.

भोसरी_टर्नर
असतं राजे. रिंग चाक लावताना मध्यावर धरते, तेवढंच तिचं काम. गाडी चालू असताना चाक धरतो तो बोल्टचा दाब. सीटच बरोबर नसेल तर रिंग काय करणार?

फेसिंगबद्दल. तीस वर्षं लेथवर आहे, म्हणून लिहितो. मागच्या पॅडवरून, म्हणजे हबला टेकणाऱ्या भागावरून, ५ एमएम काढलं की ईटी ३५ चा ४० होतो, गणित बरोबर आहे. पण पॅड मुळात किती जाड ठेवला हे ड्रॉइंगवर आहे का? चाकाचा सगळा ताण तिथे असतो. दुसरं, फेसिंगनंतर तोच बोल्ट ५ एमएम जास्त आत जातो. पोलोला मागे ड्रम आहे, लांब बोल्ट आत हँडब्रेकच्या भागांना लागू शकतो. मशीनवर काम पाच मिनिटांचं आहे, म्हणून तो इतक्या सहज बोलतोय. मी तरी मारून देणार नाही.

आणि ६६.६ चं ५७.१ कोणी करू शकत नाही. भोक मोठं करता येतं, लहान नाही.

सिंहगडरोडकर
घासण्याचं पण गणित करा. कंपनीची रिम ६ इंच रुंद, ईटी ४०. तुमची ७ इंच, ईटी ३५. रुंदीमुळे बाहेर १२.७ एमएम आणि ईटीमुळे ५. म्हणजे कड पावणेदोन सेंटीमीटरहून जास्त बाहेर. त्याने सांगितल्याप्रमाणे ४० दिलं असतं तरी १२.७ बाहेर आलीच असती, कदाचित जेमतेम घासली नसती. म्हणजे नवीन बनवून दिले तरी ते घासणार नाहीत याची खात्री नाही. मी असतो तर पैसे घेतले असते आणि साडेसहा रुंदीचे तयार अलॉय उचलले असते. विषय संपला.

घाटमास्तर
तेच म्हणतोय मी पहिल्यापासून. पैसे घे, वर घाल, चांगला ब्रँड घे.

आपला_ग्राहक
पैसे मागा किंवा बदली मागा, पण रिम हातातून सोडू नका. पैसे खात्यात आल्याशिवाय माल परत दिला की तुमच्याकडे पुरावाही नाही आणि चाकंही नाहीत. कोणा स्वतंत्र मापन प्रयोगशाळेतून लेटरहेडवर माप घेऊन ठेवा, आयोगात त्याचा उपयोग होतो.

चिंचवडचा_राजा
+१. माल सोडू नको. आणि हब रिंगचं कोणी बोललं नाही अजून नीट, ६६.६ ते ५७.१, नाना पेठ.

मुळशी_ट्रेकर
विम्याला कळवलंय का? रिम बदलल्या तर कंपनीला सांगून पॉलिसीत नोंद करून घ्यावी, नाहीतर क्लेमच्या वेळी कटकट करतात. माझ्या मित्राचा क्लेम दोन महिने लटकला होता.

नाना_सदाशिव
आता विमाही आला. स्टीलच्या रिमवर कोणी नोंद मागत नाही.

पोलो_कोथरूड
सगळ्यांचे आभार. जुनी चाकं, जुने बोल्ट परत लावले, टॉर्कसकट. टायर काढून नवीन रिम किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. सिंहगडरोडकर, ७ किलो १०० ग्रॅम भरल्या, चारही जवळपास सारख्या. म्हणजे माल फोर्ज्ड असावा.

लेखी तक्रार पाठवली, आपला_ग्राहक यांनी सांगितलं तशी, बोल्टचा मुद्दा पहिला. १९१५ ला पण नोंदवली. आज त्याचा फोन आला, मग मीच वर्कशॉपला गेलो. मशीन चांगली आहेत, बाकी लोकांचे रिम पण पाहिले, काम वाईट नाही. तो पैसे द्यायला तयार होता, निम्मे आता आणि निम्मे नंतर. मी नाही म्हणालो. चारही रिम त्याच्याकडे परत टाकून आलो, नवीन बनवून घेतोय. साडेसहा रुंदी, ईटी ४०, भोक ५७.१, सीट गोल म्हणजे कंपनीचेच बोल्ट चालतील. हे सगळं त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट, जुना माल मिळाल्याची पोच, आणि सहा आठवड्यांत नाही दिलं तर पूर्ण रक्कम परत. माप घेतल्याशिवाय माल उचलणार नाही, हेही लिहून घेतलंय. डिझाइन मला तेच हवं होतं, बाजारात तयार मिळत नाही. बस.

आपला_ग्राहक
रिम सोडल्यात?! एवढं सांगूनही?

पोलो_कोथरूड
प्रयोगशाळेतून माप घेतलं आधी, कागद घरी आहे. चॅटही ठेवलंय.

चिंचवडचा_राजा
हजार रुपयांच्या रिंगमध्ये काम झालं असतं. असो.

भोसरी_टर्नर
गोल सीट लिहून घेतलीत ते उत्तम. फक्त त्रिज्या पण लिहून घ्या, फोक्सवॅगनला १३ लागते. नुसतं "गोल" लिहिलं तर दुसऱ्या गाडीची मारून देईल.

पोलो_कोथरूड
हे राहिलं होतं. आत्ताच मेल करतो.

मृण्मयी_बाणेर
आणि माल उचलताना व्हर्नियर घेऊन जा. आपलं, त्याचं नाही.

घाटमास्तर
एवढं रामायण झालं, ते डिझाइन आहे तरी कसं? एक फोटो टाकला नाहीस अजून.