भुताला कारण हवं की नियम?

मंदार: काल शेवटी 'वेपन्स' हा भयपट बघितला. पहिला भाग जबरदस्त. एकाच वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी अंथरुणातून उठतात, हात पसरून अंधारात पळत सुटतात आणि गायब. काय सुरुवात आहे! पण शेवटी सगळा उलगडा करून टाकला, आणि तिथे माझा रस गेला. भूत कळलं की भीती संपली.

ऋतुजा: मला हे पटत नाही. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी हा मेसेज सोडून पुढे जा, मी शेवटाबद्दल बोलणार आहे.

मंदार, त्यातल्या चेटूक करणाऱ्या ग्लॅडिसबद्दल तुला नक्की काय कळलं ते सांग. ती कोण? ही विद्या ती कुठे शिकली? दिग्दर्शक झॅक क्रेगरने यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्याने फक्त तिची रीत दाखवली. एक काटकी, तिला गुंडाळलेली कुणाची तरी वस्तू किंवा केस, थोडं रक्त, आणि काटकी मोडली की तिच्या ताब्यातला माणूस हल्ला करत सुटतो. एकदा ते बघितल्यावर तिच्या हातात काटकी आली की माझे हातपाय गार पडायचे. शेवट भिडतो तो याच रीतीमुळे. तिचंच हत्यार तिच्यावर उलटतं आणि ते कसं चालतं हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की भुताला कारण नसलं तरी चालतं, नियम मात्र हवा.

ओंकार: नियम म्हणजे?

ऋतुजा: म्हणजे ते काय करू शकतं, काय करू शकत नाही आणि आपण कशामुळे त्याच्या तावडीत सापडतो. 'इट फॉलोज' आठव. २०१४ चा. शाप शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग काहीतरी तुमच्या दिशेने चालत येऊ लागतं. ते धावत नाही, थांबतही नाही. रूप कुणाचंही घेतं. कुठून आलं, का आलं, पूर्ण पिक्चरभर एक शब्द नाही. पण एवढं कळलं की पुढे दिग्दर्शकाने घाबरवायची गरज उरत नाही. नायिका कुणाशी तरी बोलत असते आणि मी तिच्याकडे बघतच नाही, मागे लांबवर चालणारा प्रत्येक माणूस तपासत बसते. त्यातले बरेचसे साधे वाटसरू निघतात. तरी पुढच्या दृश्यात पुन्हा तेच.

ओंकार: खरंय. 'अ क्वाएट प्लेस'मधला जिन्यावरचा खिळा! आवाज केला की मेलात, हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. मग पायरीवर उभा राहिलेला तो खिळा दिसतो. त्या घरात कुणालाच ठाऊक नाही, फक्त आपल्याला. त्या घरातली आई अनवाणी उतरायला लागली तेव्हा मी पायाची बोटं आत घेतली होती.

देशपांडे काका: ऋतुजा, तू म्हणतेस त्याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण १९६८ सालचं आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. मेलेली माणसं का उठतात याचं एक कारण त्यात आहे बरं का. शुक्राकडून परतणाऱ्या यानातून आलेल्या किरणोत्सर्गाबद्दल टीव्हीवर बोलतात. पण खात्रीने कुणीच काही सांगत नाही आणि ते कारण आज कुणाला आठवतही नाही. लक्षात काय राहिलं? ती संथ चालतात, जिवंत माणसाचं मांस खातात, डोक्यावर घाव बसल्याशिवाय थांबत नाहीत. झॉम्बी हा शब्द त्या सिनेमात कुणाच्या तोंडी नाही, तरी पुढचे सगळे झॉम्बीपट या नियमांवर उभे राहिले.

अजून मागे जा. उन्हाने रक्तपिपासू पिशाच मरतं हे आपण किती सहज धरून चालतो. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. सूर्यप्रकाशात त्याचा अंत होतो हे रुजवलं १९२२ च्या 'नोस्फेराटू'ने. तो स्टोकरच्या कादंबरीवर परवानगीविना बेतलेला, म्हणून त्याच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघू शकतो. नियम मात्र जगभर पसरला.

ऋतुजा: काका, हे फार सुंदर सांगितलंत. कारण विसरलं गेलं, नियम उरला!

सुनीता वहिनी: मी मघापासून वाचतेय. मुलांनो, तुमचं म्हणणं कळतंय, पण 'लपाछपी'चं काय करायचं? विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक यांचा. उसाचा फड, गरोदर नेहा आणि तिला दिसणारी ती मुलं. त्यातून कारण काढलं तर हाती काय उरेल? मुलगी नको म्हणून गर्भातच संपवायची, हे कारण म्हणजेच तो सिनेमा आहे. उषाताईंची ती बाई जेव्हा शांत आवाजात काळजी घ्यायला लागते, तेव्हा मला कुठल्याही भुतापेक्षा तिची भीती वाटली. हिंदीत 'छोरी' त्याच दिग्दर्शकाने केला, तोही बघितला. माझ्यावर परिणाम झाला तो मराठीचाच.

ऋतुजा: वहिनी, 'लपाछपी'बद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण बघा, ते कारण भुताचं नाही, माणसांचं आहे. भूत काय करतंय हे विचारण्याआधी आपण विचारतो की या घरातल्या माणसांनी काय करून ठेवलंय. मला खटकतं ते वेगळं. पाऊण सिनेमा अंधारात ठेवायचं आणि मग एक जाणकार आणून बसवायचा, जो जुनं पुस्तक उघडून शंभर वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. त्या हकिकतीने आपल्या जिवाला घोर लागत नाही, नुसती माहिती मिळते.

सुनीता वहिनी: हो, ते जाणकार मलाही नको वाटतात. पण माझं म्हणणं मी सोडत नाही. ज्या भयपटाला माणसांबद्दल काही म्हणायचं नाही, तो मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. नियम हुशार असून भागत नाही, तो मोडायला माणसाला भाग पाडणारं काहीतरी त्याच्या आतही असायला लागतं.

मंदार: मग 'तुंबाड' तुम्हा दोघींच्याही बाजूचा झाला की. हस्तर सोन्याचा धनी, पण अन्नाला मुकलेला. पिठाच्या बाहुलीकडे तो झेपावतो तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या. पिठाचं रिंगण आखलं तर त्याच्या आत तो येत नाही. झाला नियम. आणि तो मोडायला लावते ती हाव. एका बाहुलीला एवढ्या मोहरा मिळतात, तर जास्त बाहुल्या नेल्या तर? पोरगा हे सुचवतो तेव्हा मी थिएटरमध्ये मनातल्या मनात ओरडलो होतो, नका नेऊ. पुढे जे घडतं ते त्याच नियमाचं पुढचं गणित आहे. जितक्या बाहुल्या तितके हस्तर.

ओंकार: २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा बघितलास ना? मीही तेव्हाच. २०१८ ला पहिल्यांदा आला तेव्हापेक्षा जास्त कमाई केली त्याने. राही बर्वेने तो पाऊस कसा टिपलाय! बघताना अंगावरचे कपडे ओले वाटत होते.

सुनीता वहिनी: आणि ती म्हातारी आजी. हस्तरचं नाव घेतलं की झोपते. त्या पोराला नाव आठवता आठवेना, तो प्रसंग मी डोळे मिटून ऐकला.

ऋतुजा: मंदार, बघ, तूच माझी बाजू मांडलीस 🙂 तिथे तर हस्तर कोण ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलंय, तरी भीती तसूभर कमी झाली नाही. म्हणजे 'कळलं की संपलं' हे खरं नाही. काय कळलं आणि कधी कळलं, यावर आहे सगळं.

मंदार: हे मान्य. पण 'वेपन्स'मध्ये मला ते उशिरा कळलं, हेही मी धरून आहे.

देशपांडे काका: माझ्याकडून 'भ्रमयुगम'ची भर. मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक राहुल सदाशिवन, मामूटी, अख्खा कृष्णधवल. वाड्यात आसरा मागायला आलेल्या गायकाला यजमान फाशांचा डाव खेळायला बसवतो आणि पणाला लावायचं काय, तर स्वतःचा वेळ. मामूटी नुसता हसून बघतो आणि आपल्याला कळतं की हा डाव जिंकण्यासाठी नाहीच. इथे पात्रांपेक्षा अर्धं पाऊल पुढे राहण्यात सगळी घालमेल आहे.

ओंकार: 'सिनर्स' कुणी बघितला का? रायन कूगलरचा. १९३२ सालचं मिसिसिपी, मायकल बी. जॉर्डन जुळ्या भावांच्या भूमिकेत. पिशाचाला आत बोलावल्याशिवाय येता येत नाही, हा जुनाच नियम. पण दारात उभा असतो तो ओळखीचा माणूस. थोड्या वेळापूर्वी भावांच्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्याचं दार सांभाळत होता, आता म्हणतो मला आत बोलवा. भावांपैकी एकाच्या बायकोच्या, ॲनीच्या, मनात पाल चुकचुकते, की हा स्वतःहून आत का येत नाहीये? एवढ्याशा प्रश्नावर अंगावर सर्रकन काटा आला.

ऋतुजा: तो प्रसंग मी पुन्हा मागे नेऊन बघितला! आणि वहिनी, तो तुम्हाला आवडेल. शेवटी त्यांना आत बोलावतं कोण आणि का, ते बघा. ती आई आहे एवढंच सांगते.

सुनीता वहिनी: लगेच यादीत टाकला. रक्त फार आहे का?

ओंकार: उत्तरार्धात बरंच आहे वहिनी. पण पूर्वार्ध जवळजवळ सगळा गाण्याबजावण्याचा आणि माणसांचा आहे. आवाज मोठा ठेवून बघा, संगीत त्यात जीव ओततं.

मंदार: ऋतुजा, एक प्रश्न राहतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये कारणही धड नाही आणि नियमही धड नाही. तरी शेवटी तो कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिलेला मुलगा अजून डोळ्यांपुढे आहे. मग?

ऋतुजा: नियम आहे रे, सुरुवातीलाच येऊन जातो. गावातला एक माणूस जुन्या खुन्याची हकीकत सांगतो, की तो मुलांना दोघादोघांना न्यायचा आणि एकाला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. तेव्हा आपण लक्षही देत नाही. शेवटच्या चौकटीत ते वाक्य आठवतं आणि पोटात गोळा येतो. पहिला अर्धा तास पुन्हा बघ.

मंदार: आज रात्रीच बघतो. ते वाक्य माझ्याकडून पूर्ण सुटलं होतं.

देशपांडे काका: बघून झाल्यावर इथे लिही. मी तोवर रोमेरोचा तो टीव्हीचा प्रसंग परत काढतो.